पुणे ते नागपूर : बिऱ्हाड, खोकी आणि घनफुटाचा हिशेब

नवऱ्याच्या बदलीचं पत्र २२ एप्रिल २०२५ ला आलं. २ जूनला नागपूरला हजर व्हायचं होतं. बदलीची कुणकुण फेब्रुवारीपासून होती, पण कागद हातात पडेपर्यंत खोक्यांचा विचार कोण करतं? कोथरूडच्या भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात आम्ही चौघं : मी, नवरा, पाचवीत जाणारी लेक आणि सासूबाई. अकरा वर्षं एका जागी राहिलं की सामान वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती वाढलंय, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही. मला तो आकडा हवा होता. गाडी केवढी लागेल, खोकी किती, पैसे किती, काय न्यायचं आणि काय नाही, सगळं त्यावरच ठरणार होतं.

शोधायला गेलं की 'टू बीएचके म्हणजे चाळीस खोकी' असं तयार उत्तर मिळतं. पण कुणाचं टू बीएचके? नुकतंच लग्न झालेल्या जोडप्याचं, की माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घंगाळं आणि लेकीचा पाळणा जपून ठेवलेल्या बाईचं?

१ मेला लेकीचा निकाल लागला आणि २ मेला मी शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. हे काम सगळ्यात आधी उरकलं, कारण निकालानंतर शाळेला सुट्टी लागते. मग क्लार्क येतात ते ठरावीक दिवशी, आणि मुख्याध्यापकांची सही त्यांच्या सवडीने मिळते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला १४ मेला. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव तिथेच उभं राहून जुळवून घ्यावं. नव्या शाळेला ऑनलाइन नोंदीसाठी मुलीचा स्टुडंट आयडीही लागतो. तो दाखल्यावर नसेल तर जुन्या शाळेतून लिहून आणावा. एकदा गाव सोडलं की शाळेतला फोन उचलला जात नाही.

मोजणी त्याच आठवड्यात सुरू केली. पॅकर्सवाले सामान वजनात नाही, घनफुटात मोजतात. त्यांच्या बोलीत 'सीएफटी'. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची आणि गुणाकार करायचा. आमचा फ्रीज २८ घनफूट निघाला. वॉशिंग मशीन ११. दोन लोखंडी कपाटं मिळून ६२. पलंग सुटे केल्यावर ४०, दोन गाद्या ३२, जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या ३७. सोफासेट तब्बल ९५. रोज त्याच्यावर बसून घरात जागा नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मंडळींना हा आकडा वाचून दाखवला. टीव्ही, लेकीचं टेबल, पुस्तकांचं शेल्फ धरून ३४२ झाले. स्कूटरचे ५१ वेगळे.

हे सोपं काम. दिसणाऱ्या वस्तू कुणीही मोजेल. अडतं ते खोक्यांपाशी, कारण खोक्यात जाणाऱ्या वस्तू दाराआड असतात. मी एकच नवं खोकं आणलं, १८ इंच लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच. हे बाजारातलं नेहमीचं माप, आणि त्यात सुमारे ३.४ घनफूट सामान बसतं. स्वयंपाकघरातली एक ट्रॉली त्यात खरोखर भरून पाहिली, कागद-बिगद गुंडाळून, प्रवासाला निघाल्यासारखी. एका खोक्यात पातेल्यांची दीड ट्रॉली बसली. कप-बशांची एकसुद्धा बसेना, कारण कागद भांड्याइतकीच जागा खातो. मग ट्रॉल्या मोजल्या, वरची कपाटं मोजली, ओट्याखालचं मोजलं. स्वयंपाकघराची १२ खोकी.

पुस्तकांना हे माप चालत नाही. पुस्तकांची रांग टेपने मोजली आणि एक फूट रांग वजनकाट्यावर ठेवली, तर सात किलो भरली. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं तर साठ किलोच्या घरात जाईल, म्हणजे उचलणाऱ्याची कंबर तरी जाईल नाहीतर खोक्याचा तळ. त्यामुळे १४ × १० × १० इंचांची छोटी खोकी धरली. एका खोक्यात दोन फूट रांग, वजन पंधरा किलोच्या आसपास. अशी ११. शिवाय चाकांच्या दोन बॅगा पुस्तकांनीच भरल्या. चाकं असलेल्या बॅगेत कपडे भरण्यात काही अर्थ नाही. कपडे गाठोड्यातूनही जातात.

कपडे आणि अंथरुणं ७, लेकीचा पसारा ३, शोकेस आणि देवघरातलं मिळून २. आणि माळा ९!

माळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते. पहिल्या कंपनीचा माणूस फोनवर दर सांगायला निघाला होता : फ्रीज कितने लिटर का, बेड कितने, सोफा कितने सीटर. मी उत्तरं दिली, त्याने आकडा सांगितला. माळ्याचं त्याने विचारलंच नाही. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं, कॅमेरा सगळ्या खोल्यांतून फिरला, पण माळ्याचं दार बंदच राहिलं. तिसरा घरी आला, चपला काढून पाण्याचा घोट घेतला, वर पाहिलं आणि म्हणाला, "भाभीजी, माला खोलिए पहले." काम त्यालाच दिलं. त्याचा दर मधला होता. पण माळा न पाहता दिलेला दर सामान चढवायच्या दिवशी हमखास वाढतो आणि तेव्हा आपण नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. निम्मं घर गाडीत आणि निम्मं जिन्यात असतं.

एकूण खोकी ४४. त्यांचे १२१ घनफूट. कुंड्या, सायकल, देव्हारा, झाडू-बादल्या असल्या किरकोळीला ३१ धरले. स्कूटरसकट बेरीज ५४५.

१४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४ × ६ × ६, म्हणजे ५०४ घनफूट. तोही पूर्ण भरत नाही, वस्तूंच्या मध्ये फटी राहतातच. म्हणजे आम्हाला १७ फुटी गाडी हवी. तिचा दर ४४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, मिळून ५१,९२०. भागाकार केला : एक घनफूट नागपूरला न्यायला जवळपास शंभर रुपये.

हा शंभराचा आकडा मिळाला आणि आमच्या घरातले वाद संपले. निदान निम्मे. जेवणाचं टेबल न्यायला ३,७०० रुपये लागणार. जुन्या बाजारात विचारलं तर ३,००० ला जात होतं. गेलं. सोफ्याच्या दोन सुट्या खुर्च्यांचं भाडं ४,४००, त्या शेजारच्या काकूंनी आनंदाने नेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, लेकीची तीन वर्षांपूर्वीची सायकल, बंद पडलेला ओव्हन, सगळ्यांची शंभराच्या भावाने चौकशी झाली. लेकीला तर हा खेळच मिळाला. ती प्रत्येक वस्तूपाशी जाऊन भाडं सांगायची.

सासूबाईंच्या बंबापाशी मात्र हिशेब थांबला. "त्याला गं कसला भाव लावतेस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बंब आला. पाटा-वरवंटाही आला, पण तो जड असला तरी लहान. घनफुटात मोजलं तर पाटा-वरवंटा न्यायला पन्नास रुपयेही पडत नाहीत. ही मोजणी जड वस्तूंवर मेहेरबान असते आणि पोकळ वस्तूंवर रागावलेली. पिंप, बादल्या, टब, कुकर, डबे असल्या पोकळ वस्तू रिकाम्या नेऊ नयेत. आमच्या तांदळाच्या पिंपात तीन गोधड्या आणि पडदे गेले. कुकरात डाळीच्या पुरचुंड्या. बंबात लेकीची सॉफ्ट टॉईज.

वजावटीनंतर १४ फुटी गाडीत बसेल इतकं सामान उरलं, स्कूटर सोडून. स्कूटर रेल्वेच्या पार्सलने पाठवली. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते आणि गोणपाटाचं पॅकिंग स्टेशनबाहेरची माणसं करून देतात. सगळं धरून २,९०० रुपये. नंबर बदलावा लागत नाही, कारण आपण महाराष्ट्रातच आहोत. एमएच-१२ नागपुरात खुशाल फिरते. आरसीवरचा पत्ता तेवढा ३० दिवसांत बदलायला अर्ज करायचा.

गाडीचा दर ३५,००० झाला, जीएसटीसह ४१,३००. त्यात मोठ्या वस्तूंचं आणि काचसामानाचं पॅकिंग त्यांचं, बाकीचं आमचं. ही वाटणी विचारपूर्वक केली. आपण भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर बहुतेक कंपन्या भरपाई देत नाहीत, त्यांच्या अटींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून काच, टीव्ही, फ्रीज त्यांच्याकडे, आणि पुस्तकं, कपडे, स्टील, माळा आमच्याकडे.

विम्याबद्दल एक ऐकून ठेवा. आपण लिहिलेल्या सामानाच्या किमतीवर 'एफओव्ही' म्हणून ३ टक्के आकारतात, त्याला सगळे विमाच म्हणतात. त्यामागे खऱ्या विमा कंपनीची पॉलिसी आहे, की वाहतूकदाराची स्वतःची हमी, हे विचारावं आणि पॉलिसी असेल तर तिचा नंबर मागावा. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या नियमांनुसार सामानाची जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही तुम्ही कागदावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. 'किंमत काहीही लिहा हो' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, ते याचसाठी. आम्ही यादीसह दीड लाख लिहिले. ३ टक्के आणि वर जीएसटी, ५,३१० रुपये.

ॲडव्हान्स दिला तो कंपनीच्या नावच्या खात्यात. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ते कोटेशनवरच्या नावाशी जुळलं तरच पुढे गेलो. नामांकित कंपन्यांसारखी नावं घेऊन बसलेले बरेच आहेत, आणि सामान गाडीत गेल्यावर जादा पैसे मागून अडवून ठेवल्याचे किस्से आमच्याच सोसायटीत ऐकले होते. आणखी एक प्रश्न आधीच विचारावा : मोठी गाडी गेटपर्यंत येईल का? आमची गल्ली अरुंद. छोटा हत्ती लावून मुख्य रस्त्यापर्यंत फेऱ्या माराव्या लागल्या, त्याचे २,५०० त्यांनी कोटेशनमध्येच लिहिले होते. न विचारता राहिलं असतं तर ऐनवेळी किती मागितले असते, देव जाणे.

आता पॅकिंगचं सामान. १७ मेच्या शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीकडे गेलो. पाच प्लायची मोठी खोकी ८५ रुपयांना एक, अशी २० घेतली. पुस्तकांची छोटी ११, ४५ रुपयांना एक, तीही पाच प्लायचीच. तीन प्लायमध्ये पुठ्ठ्याची नागमोडी नळी एकाच थरात असते, पाचमध्ये दोन थरांत. कपड्यांना तीन प्लाय पुरतो. पुस्तकं आणि भांडी असतील तर दहा-वीस रुपये वाचवू नयेत.

उरलेली १३ खोकी जुनी आणली. मेडिकलवाल्याकडची सलाईनची खोकी सगळ्यात भरवशाची, जाड आणि कोरडी. किराण्याच्या दुकानातली मी टाळली. त्यांच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात आणि नव्या घरात पहिलं बिऱ्हाड त्यांचं थाटलं जातं. बरण्या आणि बाटल्यांना मात्र दारूच्या दुकानातल्या खोक्यांना तोड नाही. आत बारा खणांची पुठ्ठ्याची जाळी तयार असते. नवरा ती तीन खोकी खांद्यावर घेऊन सोसायटीच्या गेटातून आत आला तेव्हा वॉचमनकाकांनी मोठ्या आदराने सलाम ठोकला. त्यात सासूबाईंची लोणची, तूप, काकवी, मसाले अगदी चपखल बसले. बरणीच्या तोंडाला प्लास्टिक, वर झाकण, वर सुतळी आणि पूर्ण बरणी पिशवीत. तेल गळलंच तर पिशवीतच राहील.

टेपचा हिशेब सांगते, कारण तोच सगळ्यांचा कमी पडतो. मोठ्या खोक्याच्या तळाला मधोमध दोन पट्ट्या आणि दोन्ही कडांना एकेक, वरही तसंच. खोक्याला साडेतीन-चार मीटर टेप लागते. ६५ मीटरच्या रोलमध्ये सोळा ते अठरा खोकी होतात. म्हणजे ४४ खोक्यांना तीन रोल, आणि ड्रॉवर बांधणं, बबल रॅप चिकटवणं, वायरी गुंडाळणं यांना आणखी तेवढेच. सहा आणले, ५० रुपयांना एक. बबल रॅप एक मीटर रुंदीचा, ५० मीटरचा रोल, ६०० रुपये. एका बशीला दीड फुटाचा चौकोन, कपाला एक फुटाचा, फुगे आतल्या बाजूला. काचसामान पॅकर्स करणार होते, म्हणून ५० मीटर भरपूर झाला. फोटो, देवांच्या तसबिरी, चिनी मातीच्या बरण्या आणि मिक्सरची भांडी होऊन उरला. पारदर्शक स्ट्रेच फिल्मचा एक रोल ३८०. हा घ्याच. कपाटाची दारं, गाद्या, गाठोडी, सगळ्याला लागतो. मार्कर, कात्री, जुन्या खोक्यांचे पैसे धरून सामानाचा खर्च ३,७०० च्या आसपास झाला. रद्दी घरचीच. तिची शाई पांढऱ्या कपांना लागते. त्यांना आत कोरा कागद आणि बाहेर रद्दी.

आणि कुरडया! एप्रिलमध्येच सासूबाईंनी वर्षाच्या कुरडया, पापड, सांडगी मिरच्या करून ठेवल्या होत्या. घरातली सगळ्यात नाजूक वस्तू टीव्ही नाही, कुरडई. त्या स्टीलच्या मोठ्या डब्यात, प्रत्येक थरावर मऊ सुती कापड घालून, डबा तोंडापर्यंत गच्च. हलायला जागा नसली की फुटत नाही, हाच नियम कपांनाही लागू. भरलेलं खोकं हलवून बघायचं. आतून आवाज आला तर आणखी कागद कोंबायचा.

रोज थोडं थोडं भरत गेलो. आधी माळा, मग पुस्तकं, मग न लागणारे कपडे, शेवटी स्वयंपाकघर. खोक्याच्या वर न लिहिता दोन बाजूंना लिहिलं, कारण खोकी एकावर एक रचली की वरचं दिसत नाही. नंबर, आणि नव्या घरात ते कुठल्या खोलीत जाणार. जुन्या घरातली खोली लिहून उपयोग नाही, उतरवणाऱ्या माणसाला ती माहीत नसते. आत काय आहे ते वहीत. 'चांदीची भांडी' वगैरे खोक्यावर लिहायचं नाही. दागिने, कागदपत्रं, दाखले आणि देव आमच्याबरोबर.

मोजलेली ४४ खोकी प्रत्यक्षात ४९ झाली. जादाची पाचही शेवटच्या दोन दिवसांतली : वापरातल्या चपला, बाथरूममधलं, औषधं, चार्जर-वायरी आणि ज्यांना जात नाही अशा वस्तू. तुमचा अंदाज कितीही नेटका असो, दहा टक्के वर धराच.

हे चालू असताना पाऊस आला. २० मेपासूनच पुण्यात जोराच्या सरी सुरू झाल्या आणि २६ मेला मान्सून मुंबई-पुण्यात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. आमचं लोडिंग २७ मे, मंगळवार. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळला तर दर उतरतो म्हणून हा दिवस घेतला होता, आणि मे महिन्यात पावसाचा विचार आमच्या कुणाच्या डोक्यात येणार? सुपरवायझरला फोन करून बंद कंटेनरच पाठवा, ताडपत्रीची उघडी गाडी नको, असं मेसेजवर लिहून घेतलं. पुस्तकांच्या खोक्यांना स्ट्रेच फिल्मचा वेढा दिला. गाद्यांना प्लास्टिकची दोन आवरणं.

२६ तारखेला गॅस एजन्सीत गेलो. भरलेला असो वा रिकामा, सिलिंडर कुठलाच पॅकर नेत नाही, आणि दुसऱ्या गावी जाताना कनेक्शन बंद करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावं लागतं. दोन्ही सिलिंडर, रेग्युलेटर, कनेक्शन घेताना मिळालेलं मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर आणि निळं पुस्तक घेऊन जायचं. रांग तासाभराची. अनामत परत मिळते ती आपण भरली होती तेवढीच : १,४५० चे दोन आणि रेग्युलेटरचे १५०, असे ३,०५०. नागपुरात नवी अनामत सध्याच्या दराने, सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५०, मिळून ४,६५०. फरकाचे १,६०० धरून ठेवा. मधल्या दिवसांसाठी इंडक्शन शेगडी हाताशी हवी.

त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ना-देय पत्र, गेटपास, लिफ्ट वापरायची वेळ. वीजमीटरचा आणि, सामान निघाल्यावर, रिकाम्या भिंतींचा फोटो, घरमालकांना व्हॉट्सॲपवर. फ्रीज आदल्या दिवशी सकाळी रिकामा करून बंद केला, दार उघडं ठेवलं, पाणी निथळू दिलं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागून ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते नसतील तर प्रवासात ड्रम हेलकावे खातो. आमचे अकरा वर्षं एका पाकिटात, मशीनच्या माहितीपत्रकासकट, माळ्यावर निघाले. माळ्याची सगळी चेष्टा त्या एका क्षणी सासूबाईंनी वसूल केली.

२७ ला सकाळी नऊला माणसं आली, संध्याकाळी पाचला कंटेनर निघाला. दिवसभर माझं काम एकच : दारात बसून वहीत टिक करणं. गाडीचा नंबर, चालकाचा फोन, बिल्टीची (वाहतुकीच्या पावतीची) प्रत आणि वस्तूंच्या यादीवर दोघांच्या सह्या. यादीत वस्तूंच्या आधीच्या ओरखड्यांची नोंद ते करतात. ती वाचून सही करा, धडधाकट कपाटापुढेही 'स्क्रॅच' लिहिलेलं आढळतं. मी ते खोडायला लावलं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण वाटेत कुणी विचारलं तर म्हणून चालकाला यादीची एक प्रत दिली.

गाडी अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्गाने, सातशेहून थोडे जास्त किलोमीटर. आम्ही एक रात्र नणंदेकडे काढून २८ ला रात्रीच्या गाडीने निघालो. २९ ला सकाळी नागपूर. कंटेनरही त्याच संध्याकाळी पोचला, पण नव्या सोसायटीत पाचनंतर सामान चढवू देत नाहीत. ही वेळ आधी विचारून ठेवली होती म्हणून चालकाच्या मुक्कामाचे पैसे मागायला जागा राहिली नाही. सामान ३० ला उतरलं.

त्याआधी रिकाम्या घरात सासूबाईंनी देव मांडले, कलश ठेवला आणि इंडक्शनवर दूध उतू घालवलं. इंडक्शनवर दूध उतू गेलं की शेगडी आपोआप बंद पडते, हे त्यांना मुळीच पटलं नाही.

'पहिली रात्र' लिहिलेलं खोकं सगळ्यात शेवटी गाडीत चढवलं होतं, म्हणजे ते सगळ्यात आधी उतरलं. चहा-साखर, एक पातेलं, चादरी, बल्ब, टेस्टर, एक्स्टेंशन बोर्ड, साबण, लेकीची औषधं आणि कात्री. कात्री विसरू नका, बाकीची ४८ खोकी उघडायला तीच लागते. फ्रीज जागेवर ठेवून काही तास तसाच राहू दिला आणि मग चालू केला.

एका कपाटाच्या दाराला पोचा आला होता. पोचपावतीवर सही करण्याआधी त्याच कागदावर तसं लिहिलं, उतरवणाऱ्या माणसासकट फोटो काढला, त्याच रात्री ईमेल केलं. कायद्याने लेखी नोटिशीला १८० दिवस मिळतात, पण पॉलिसीच्या अटींत मुदत फार थोडी असते. सर्व्हेअरचा व्हिडिओ कॉल, दुरुस्तीचं कोटेशन, मग आठवणीची ईमेलं, असं करत ११ जुलैला २,२०० रुपये जमा झाले. पोचा अजून तसाच आहे. त्याच्यावर लेकीने चुंबकाचं फुलपाखरू लावलंय.

भाडेकराराचं सांगायचं राहिलं. घरमालक म्हणाले, नोटरी केली की झालं, इथे सगळे तसंच करतात. पण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. त्यांना ते शांतपणे दाखवलं. गॅसला, आधारला, नवऱ्याच्या ऑफिसला नोंदवलेलाच करार लागणार होता. भाडं १८,००० आणि अनामत ५०,०००, म्हणून अकरा महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क पाचशेच्या घरात आलं. नोंदणी फी १,०००, आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटचे वेगळे. चार दिवसांत कराराची प्रत आली. मग आधारचा पत्ता ऑनलाइन, तेव्हा ५० रुपये होते, आणि त्यावर बँका.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. लेकीची २३ जूनला उघडली, त्यामुळे खोकी उघडायला तिचे दोन हात मिळाले. भाड्याचा शंभराचा भाव तिच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. परवा नव्या जेवणाच्या टेबलाच्या दुकानात तिने दुकानदाराला घनफूट विचारले.

पाच प्लायची एकोणीस मोठी खोकी धड आहेत. टेप कापून, सपाट करून पलंगाखाली ठेवली आहेत, अर्धा रोल बबल रॅपसुद्धा आहे. नागपुरात यंदा कुणाची बदली निघाली असेल तर येऊन घेऊन जा. पुस्तकांची छोटी मात्र नवरा देत नाही म्हणतो.